बसायला एक बाई

हॅलम मास्तर शाळेत आले तेव्हा थर्झा शेगडीपुढे गुडघे टेकून फुंकर घालत होती. कोळसा ओला होता. खोलीभर धूर झाला होता, म्हणून तिनं एक खिडकी काठीनं ढकलून उघडली होती. मास्तरांची चाहूल लागताच ती उठली, हात एप्रनला पुसले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. पाटी तिनं आधीच काढून ठेवली होती.

"कुठं थांबलो होतो?" मास्तरांनी विचारलं.

"काल धडा झाला नाही. परवा व्याजाच्या गणितांवर थांबलो होतो."

"हं. व्याज."

ते फळ्याकडे वळले आणि एक गणित लिहू लागले. थर्झा उतरवून घेत होती, पण तिची नजर मधूनमधून दाराकडे जात होती. शाळेच्या भिंतीला लागूनच मास्तरांचं घर होतं. रोज त्यांच्या मागोमाग त्यांची बायको फीबी यायची आणि शेगडीजवळ बसायची. शिकवणारा पुरुष आणि शिकणारी मुलगी असली, की शाळेच्या वेळेबाहेरच्या धड्याला एखादी अब्रूदार बाई खोलीत हजर पाहिजे, असा सरकारी नियम होता. गेली चार वर्षं ती बाई म्हणजे फीबी. परवापर्यंत ती आली होती. काल तापानं तिला उठू दिलं नाही.

"मास्तर, बाईंना आज बरं आहे का?"

मास्तरांनी हातातली ओळ पूर्ण केली. शेवटचं शून्य नीट गोल काढलं.

"ती गेली," ते म्हणाले. "उजाडायच्या सुमारास."

थर्झा उठली. मग ती दाराकडे चालत गेली. मास्तरांना वाटलं, आता ही घरी जाईल, आणि तिनं जावंच. पण तिनं दार सताड उघडलं, त्याला विटेचा तुकडा लावला आणि परत येऊन बाकावर बसली. मोज्यांची गाठोडी घेऊन रस्त्यानं चाललेल्या दोन बायकांनी आत डोकावून पाहिलं.

"शेवटची पायरी परत सांगता?" थर्झानं विचारलं.

मास्तरांनी सांगितली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती लिहीत होती. त्यांनी एक गणित घातलं, मग आणखी एक. दोन्ही तिला आली. मुलांच्या येण्याची वेळ झाली तेव्हा तिनं त्यांच्या हातातला खडू काढून घेतला.

"तुम्ही घरी जा, मास्तर. मी बघते."

त्या दिवशी सगळी शाळा तिनं एकटीनं चालवली. लहान मुलं पायऱ्यांच्या बाकांवर, मोठी मुलं मागं, मुली खिडकीशी. गावातल्या बायका फीबीला न्हाऊ घालून निघून गेल्या, तरी मास्तर तिच्या पलंगाशी बसून होते. भिंतीपलीकडून पाढे ऐकू येत होते. थर्झाचा आवाज आधी वर चढायचा आणि मग साठ-सत्तर पोरांचा गलका त्याच्यावर पडायचा. दुपारनंतर तो आवाज फाटला, पण थांबला नाही. फीबी असती तर म्हणाली असती, त्या पोरीला जरा गरम पाणी नेऊन द्या. मास्तर उठले, चुलीवर पाणी ठेवलं, आणि ते उकळून आटेपर्यंत तिथंच उभे राहिले.

थर्झा वॉस तेव्हा सतरा वर्षांची होती. तेराव्या वर्षी तिच्या बापानं करारावर अंगठा उठवला आणि ती शिकाऊ मास्तरीण झाली. शिकाऊ म्हणजे दिवसभर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात शिकायचं. अंधारात घरून निघायचं, शेगडी पेटवायची, मुलं येण्याआधी मास्तरांकडून धडा घ्यायचा. मग शाळा. मधल्या सुट्टीत आवारात उभं राहून पोरांची भांडणं सोडवत चरबी लावलेला पाव खायचा. शाळा सुटली की झाडलोट, पाट्या धुणं, दुसऱ्या दिवशीच्या शिवणाचं कापड कातरून ठेवणं. घरी गेल्यावर मेणबत्ती असेल तोवर भूगोल आणि बायबल. हे सगळं एका परीक्षेसाठी. नाताळच्या आधी डर्बीला राणीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा व्हायची. तीत नाव लागलं तर दोन वर्षं मास्तरणींच्या कॉलेजात राहायचं, खायचं, शिकायचं. नाव नाही लागलं तर आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली पोरांवर ओरडत बसायचं, नाहीतर आईसारखं मोजे शिवायला जायचं.

त्यांच्या हेथर्सबी गावातून आजवर कोणी त्या परीक्षेला बसलं नव्हतं. मास्तरांना वाटत होतं, ही बसेल. फीबीची तर खात्रीच होती.

*

फीबीला पुरल्यानंतरही मास्तरांनी धडे चालू ठेवले. दार उघडं ठेवून. ऑक्टोबर संपत आला होता आणि सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं असायचं. शेगडीची ऊब सगळी रस्त्यावर जायची. थर्झा शाल पांघरून, बोटं काखेत धरून बसायची आणि लिहायचं झालं की तेवढी बाहेर काढायची.

टोलर गाडीवान रोज त्याच वेळी घोडा घेऊन जायचा.

"काय मास्तर, सगळ्या गावाला शेकवताय का?" तो ओरडायचा. "जरा आमच्या अंगणाकडं पण वळवा!"

थर्झा हसायची आणि मग तिला खोकला यायचा.

त्या शनिवारी पाद्री पोचिन मास्तरांच्या घरी आले. शाळेचा कारभार त्यांच्याकडे होता. टोपी गुडघ्यावर ठेवून ते बसले. मास्तरांनी चहा केला, पण साखर कुठं असते ते त्यांना सापडलं नाही.

"असू द्या, असू द्या," पाद्री म्हणाले. "हॅलम, पोरीचे धडे चालू आहेत असं ऐकलं."

"होय साहेब."

"दार उघडं टाकून."

"होय."

"दार म्हणजे बाई नव्हे, हॅलम."

मास्तरांनी किटली खाली ठेवली.

"नियम काही मी केलेला नाही. तो लंडनला झाला. उद्या इन्स्पेक्टर येऊन विचारणार, धड्याला कोण हजर होतं? मी काय सांगू, वारा हजर होता?" ते स्वतःच थोडं हसले. "तुमच्याबद्दल कोणी वावगं बोलत नाही. पण बोलायला वेळ लागत नाही, आणि बोललं गेलं की पोरीचं नाव जातं. तुमचं नाही, तिचं. कोणी बाई बघा. गावात बायकांचा काय तोटा आहे? तोवर धडे बंद ठेवा."

"परीक्षा नाताळच्या आधीच आहे, साहेब."

"म्हणूनच म्हणतो, लवकर बघा." उठताना ते म्हणाले, "आणि हे आत्ता बोलायचं नाही, पण बोलतो. ही जागा जोडप्याची आहे. मास्तर, आणि शिवण शिकवायला मास्तरीणबाई. सध्या माझी बहीण शिवण घेईल. मार्चअखेरपर्यंत कमिटी थांबेल. तुम्ही काही म्हातारे झाला नाहीत."

मास्तर त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मग परत येऊन दोन्ही कप धुतले. एकात चहा तसाच होता.

*

बायकांचा तोटा नव्हता. पण त्यांच्या तासांचा होता.

मास्तर आधी शेजारच्या स्लीथबाईंकडे गेले. त्या दारातच स्टुलावर बसून मोज्यांच्या शिवणी घालत होत्या. गावातल्या पुरुषांनी मागावर विणलेले मोजे सपाट, उघडेच असायचे. त्यांना शिवण घालून पायाचा आकार द्यायचं काम बायकांचं.

"सकाळी सातला?" स्लीथबाई सुई न थांबवता म्हणाल्या. "मास्तर, सातला माझं डझनभर उरकलेलं असतं आणि नवऱ्याच्या दोन शिव्या खाऊन झालेल्या असतात."

"तुम्ही काम तिथं आणलंत तरी चालेल."

"आणि पाळण्यातलं पोर? आणि चुलीवरचं? ते पण आणू?" मग त्यांनी वर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही म्हणायचं जिवावर येतं हो. मास्तरीणबाईंनी माझ्या थोरलीला शिवण शिकवलं. पण खरंच नाही जमायचं."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर जमेल असं सांगणारी एकही निघाली नाही. संध्याकाळी सगळ्या गावाचे मोजे गोळा करणारा माणूस यायचा. त्याच्या आधी गाठोडी बांधून तयार लागायची.

दुकानवाल्या ऑर्टनबाई विधवा होत्या. त्यांना वेळ होता.

"बसेन की," त्या काउंटरवर हात टेकून म्हणाल्या. "रोज बसेन. पण लोक विचारतील, ऑर्टनबाई कोणासाठी बसते, पोरीसाठी का मास्तरांसाठी? काय सांगू त्यांना?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती साबणाच्या वड्या निरखायला लागली.

"पोरीसाठी सांगा," मास्तर म्हणाले.

"मग पोरीलाच पाठवा विचारायला," ऑर्टनबाई म्हणाल्या आणि साखर मोजायला वळल्या.

मिस पोचिन, पाद्रीसाहेबांची बहीण, मनानं फार चांगली होती. तिनं मास्तरांना बसायला सांगितलं, केक दिला.

"मी अकरा वाजता मोकळी असते, मिस्टर हॅलम. अगदी रोज."

"अकराला ती वर्गावर असते."

"मग तिला तासभर सोडा ना."

"सोडली तर पोरांना कोण बघणार?"

"कोणीतरी असेलच की," मिस पोचिन म्हणाली. मग तिच्याही लक्षात आलं की कोणी नाही. "आणि नियमात धडा शाळेच्या वेळेबाहेरच द्यायचा असं म्हटलंय, नाही का? सकाळी सातला मी... डॉक्टरांनी मला दहाच्या आधी उठायला मनाई केली आहे."

मास्तरांनी केक संपवला. त्यांना भूक नव्हती, पण ताटलीत टाकणं बरं दिसलं नसतं.

थर्झा रोज सकाळी येत होती, शेगडी पेटवत होती आणि एकटीच पुस्तक घेऊन बसत होती. मास्तर घरात, ती शाळेत, मधे भिंत. एकदा त्यांनी गणित कागदावर लिहून शाळेच्या दाराखालून सरकवलं. थोड्या वेळानं उत्तर परत आलं. चूक होतं. कुठं चुकलं ते कागदावर लिहून समजेना. त्यांनी तीनदा लिहिलं, तीनदा तसंच चुकून आलं. फळ्यापाशी उभं राहून ते दोन मिनिटांत सांगता आलं असतं. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. पलीकडे ती खोकत होती.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत थर्झाची आई फाटकाशी येऊन उभी राहिली. वॉसबाई अंगानं बारीक होत्या. शिवणी घालून घालून त्यांच्या पापण्या लाल झाल्या होत्या. त्या मास्तरांशी आजवर कधी बोलल्या नव्हत्या. वॉस कुटुंब चॅपलचं, म्हणजे सरकारी चर्चपासून फुटलेल्या पंथाचं, आणि शाळा चर्चची.

"मास्तर, मी बसले तर चालेल का?"

"तुम्ही?"

"आम्ही चॅपलचे असलो तरी अब्रू आमचीही आहे."

"तसं नव्हे, वॉसबाई. तुमचं काम?"

"काम आणेन की संगं. राहिलेलं मागं-पुढं उरकेन. पोरीनं मला विचारलं नाही हो. टोलर गाडीवानाकडनं कळलं, धडे बंद आहेत म्हणून. ती घरात चकार शब्द बोलली नाही." त्यांनी शालीचं टोक घट्ट धरलं. "नुसतं बसायचंच ना? काही वाचायबिचायला लागत नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाले. "नुसतं बसायचं."

*

पहिले दोन दिवस वॉसबाई शेगडीपासून लांब, दाराजवळच्या बाकावर ताठ बसल्या. मांडीवर मोज्यांचा ढीग. मास्तर बोलायला लागले की त्या सुई थांबवायच्या, जणू प्रार्थना चालू आहे. थर्झा मागं वळून म्हणाली, "अगं आई, तू शिव ना." तेव्हा त्या शिवायला लागल्या.

दोन दिवसांत मास्तरांनी खूप पुढं नेलं. दाराखालच्या कागदांवरची चूक फळ्यावर लगेच सुटली. थर्झा स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाली, "हे एवढंच होतं होय!" आणि मास्तर चक्क हसले. फीबी गेल्यापासून पहिल्यांदा. दार बंद होतं, खोली ऊबदार होती. मास्तरांनी मनात नाताळपर्यंतचं सगळं बसवून पाहिलं. बसत होतं. रोज एक धडा चुकला नाही, तर बसत होतं.

तिसऱ्या दिवशी बाहेर धुकं होतं. थर्झा म्हणाली, "आई, शेगडीजवळ ये, इथं उजेड बरा आहे." वॉसबाई आल्या. मास्तर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. लिहून झाल्यावर समजावून सांगायला वळले आणि तोंड उघडलं.

वॉसबाईंना झोप लागली होती. मान एका खांद्यावर कलली होती. तोंड किंचित उघडं होतं. मोजा मांडीवर, सुई बोटांत तशीच धरलेली. शेगडीचा तांबूस उजेड गालाच्या एका बाजूला पडला होता. श्वास आत जाताना बारीक आवाज होत होता.



"मग?" थर्झा म्हणाली. "मास्तर, दोन्हीकडनं वजा केल्यावर?"

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. परत त्या झोपलेल्या बाईकडे पाहिलं. त्यांचा हात वर गेला, काहीतरी थांबवावं तसा. खडू त्यांनी हळूच ठेवला, आवाज होऊ नये अशा बेतानं. मग ते मागल्या दारानं आवारात गेले आणि कोळशाच्या खोपटामागं जाऊन उभे राहिले.

मागलं दार आपटलं, त्यानं वॉसबाई जाग्या झाल्या. मास्तर नव्हते. गणित अर्ध्यावर होतं. पोरगी पाटीकडे बघत बसली होती.

"काय झालं? मी... झोपले होय?"

"थोडीशी."

"आणि ते उठून गेले?"

थर्झानं पाटी आवरली. मुलं यायला लागली होती. घंटा वाजवायची होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटली नव्हती. थर्झा मुलांबरोबरच आली.

"आई यायची नाही," ती म्हणाली.

"का?"

"मुलं आत आलीत, मास्तर." आणि ती पायऱ्यांच्या बाकांकडे गेली.

का ते मास्तरांना टोलरकडून कळलं. तो फाटकाशी गाडी थांबवून बसला होता.

"काय हो मास्तर, म्हणजे बसायला बाई पाहिजे, आणि वर डोळेही उघडे पाहिजेत? वॉसबाईनं गावभर सांगितलंय. म्हणते, मी झोपले म्हणून धडा बाद झाला. झोपलेली बाई नियमात बसत नाही म्हणे." त्यानं लगाम हलवला. "तसं बरोबरच आहे म्हणा. आमचा घोडा पण उभ्यानं झोपतो, पण त्याला कोण राखण म्हणेल?"

मास्तरांनी काहीतरी म्हणायला हवं होतं. गाडी वळणापर्यंत जाईतो ते फाटक धरून उभे होते.

तो आठवडा तसाच गेला, आणि त्याच्या पुढचाही. थर्झाचं काम चोख होतं. तिचा आवाज आता बसूनच गेला होता. ती पाढ्यांना पोरांपुढं काठीनं ताल धरायची. दुपारी मिस पोचिन यायची आणि मुलींना तुरपाई दाखवताना म्हणायची, "थर्झा, तू किती थकलेली दिसतेस! लवकर झोपत जा." थर्झा म्हणायची, "होय, मिस."

रविवारी दुपारी मास्तर कोट घालून गावाच्या खालच्या टोकाला गेले. वॉसचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्यातला निम्म्या जागेचा माग. रविवार असल्यामुळं माग बंद होता. थर्झाचा बाप जोब मागाच्या फळीवर बसून पाइप ओढत होता.

"या, मास्तर," तो म्हणाला, पण उठला नाही. "चर्चमधून चुकून इकडं आलात?"

"जोब!" वॉसबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुसून पुढं केली. थर्झा चुलीपाशी बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली आणि परत खाली घातली.

"मी त्या दिवसाबद्दल बोलायला आलो," मास्तर म्हणाले.

"चुकलं माझं," वॉसबाई घाईनं म्हणाल्या. "तुम्हाला काय तोंड दाखवू? आदल्या दिवशीचं राहिलं होतं, ते उरकत बसले, डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेगडीची ऊब लागली आणि..."

"झोपलं तरी चालतं, वॉसबाई."

"तुम्ही भले आहात म्हणून म्हणता."

"नाही, खरंच. नियमात झोपेचं काही नाही."

"मग तुम्ही उठून का गेलात?"

जोबनं पाइप तोंडातून काढला. खोलीतली तिघंही मास्तरांकडे बघत होती. मास्तरांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चुलीवर काहीतरी शिजत होतं, त्याचं झाकण थडथडत होतं. ते बघत ते म्हणाले,

"मला बरं वाटत नव्हतं."

"हं," जोब म्हणाला.

"बघा, किती जपून बोलतात," वॉसबाई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "चार वर्षं पोर अंधारात उठून गेली. पाऊस नाही बघितला, बर्फ नाही बघितला. आणि मी आई असून मला तेवढा एक तास जागं राहता आलं नाही. माझ्या झोपेनं घालवलं सगळं."

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं. शब्द फार नव्हते, चार-पाचच होते. ते जुळेनात. मग जोब म्हणाला,

"मास्तर, करारात काय होतं? पोरगी शिकवेल आणि तुम्ही तिला शिकवाल. ती दिवसभर शिकवते. तुमचं काय?"

"मी शिकवेन."

"कधी? कोणापुढं?" तो वाट बघून म्हणाला, "म्हणून मीच बघितलं. माझी बहीण लेस्टरला आहे. मोज्यांच्या कारखान्यात पोरी घेतात. पुढल्या सोमवारी थर्झा जाते."

मास्तरांनी थर्झाकडे पाहिलं. तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

ती त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. डोक्यावर शाल, हात ओले.

"तुला जायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"तिथं भोंगा झाला की सुट्टी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मग काही करायचं नसतं. आत्या म्हणते, पोरी संध्याकाळी नुसत्या फिरतात."

"अजून वेळ आहे. आईला घेऊन ये. मी पाद्रीसाहेबांशी बोलतो."

"ती आता यायची नाही, मास्तर. आणि आली तरी तिला झोप येणारच."

"येऊ दे."

"आणि मग तुम्ही परत बाहेर जाणार."

 एक कुत्रं त्यांच्या मधून गेलं.

"बाईही तिथंच झोपायच्या, शेगडीपाशी," थर्झा म्हणाली. "रोजच. मला माहीत आहे ना. मी आईला सांगितलं, अगं, तसं नाही, त्यांना बाई आठवल्या असतील. तिला पटलं नाही. म्हणाली, मास्तर माणसं अशी नसतात, ती नियमानं चालतात." तिनं शाल पुढं ओढली. "तुम्ही सांगितलं असतं तर पटलं असतं तिला. जाऊ दे. गार वारा आहे, तुम्ही जा घरी."

ती वळली आणि भराभर चालत गेली. मास्तर तिथंच उभे राहिले. परत जाऊन ते दार वाजवता आलं असतं. दार तिथून दिसत होतं.

पुढल्या सोमवारी टोलरच्या गाडीतून थर्झा लेस्टरला गेली. पाद्रीसाहेबांनी एका मोठ्या मुलीला लहान मुलांवर बसवलं, आणि मार्चअखेरीसाठी नवं जोडपं बघायला सुरुवात केली. वॉसबाई अजूनही गावात कोणी विषय काढला की सांगतात, आपल्याला झोप लागली म्हणून पोरीची परीक्षा हुकली. रस्त्यात मास्तर दिसले तर त्या मान खाली घालून पलीकडच्या बाजूनं जातात.

त्या दिवशी ते उठून का गेले, हे हॅलम मास्तरांनी त्यांना अजून सांगितलेलं नाही.